बोरीच्या ओढ्यावरून परतलेला घोडा

आमच्या राहुरी भागात कुणी वारलं की माणसं ‘मातीला’ जातात. सरण रचलेलं असो की खड्डा खणलेला असो, शब्द एकच. एसटी स्टँडवर कुणी सकाळी टोपी-उपरण्यात दिसला की विचारतात, “कुणाच्या मातीला निघालात?” तिथं अग्नी देणार आहेत, माती नाही, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि सांगणाऱ्यालाही. पण भाषेनं कधीतरी ठरवून टाकलंय की शेवट मातीत. ख्रिस्ती मंडळींत तो शब्द अक्षरशः खरा होतो. पेटी खाली उतरते, पाळकसाहेब प्रार्थना म्हणतात आणि मग जमलेला प्रत्येक जण वाकून मूठभर माती टाकतो. पेटीवर पहिली मूठ पडते तेव्हाचा आवाज एकदा ऐकला की विसरता येत नाही.

राहुरीला या मंडळींचा इतिहास बराच जुना आहे. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ च्या अखेरीस नगरला ठाणं मांडलं आणि तिथून हे काम आसपासच्या तालुक्यांत पसरलं. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्याला राहुरी वेगळी सांगावी लागत नाही. ते आत्मचरित्र लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई आणि त्यांचे ख्रिस्ती झालेले पती नारायण वामन टिळक यांचा संसार काही वर्षं इथं होता. टिळक १९१९ मध्ये मुंबईत वारले, तेव्हा आपल्या देहाला अग्नी द्यावा, ही त्यांची इच्छा पाळली गेली आणि मग अस्थी नगरला आणून मातीत ठेवल्या. अग्नीही झाला, मातीही झाली. या माणसानं मरतानासुद्धा दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांना बुचकळ्यात टाकलं, असं मला नेहमी वाटतं.

पण मला बरेच दिवस छळणारा शब्द वेगळा होता. ‘वडील’. इथल्या मंडळ्यांत पाळकांबरोबर कारभार पाहणाऱ्या जाणत्यांना वडील म्हणतात. मराठी बायबलमध्येही हाच शब्द आहे. मूळ ग्रीक शब्द ‘प्रेस्बिटेरॉस’, म्हणजे वयानं आणि मानानं मोठा. ‘प्रेस्बिटेरियन’ हे जिभेला गाठ मारणारं नाव त्यावरूनच आलं. मराठीत सरळ सांगायचं तर वडीलधाऱ्यांच्या पंचांनी चालवलेलं चर्च. वर बिशप नाही. पाळक आणि निवडलेले वडील एका बाकावर बसतात, त्यांच्यावर परगण्याची सभा, सगळ्यात वर महासभा. स्कॉटलंडनं १५६० मध्ये जॉन नॉक्सच्या मागं जाऊन ही रीत धरली.

आता गंमत अशी की नगर-राहुरीचे अमेरिकन मिशनरी मुळात प्रेस्बिटेरियन नव्हते. ते त्यांच्या चुलतघरातले, काँग्रिगेशनल. म्हणजे प्रत्येक गावची मंडळी आपला कारभार आपणच पाहणार. पुढं १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त चर्चमध्ये ही दोन्ही घरं एकत्र आली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा इतर काही घराण्यांसह हा सगळा गोतावळा एका छपराखाली गेला. म्हणजे राहुरीच्या माणसाला आपल्या प्रेस्बिटेरियन पूर्वजांचा माग काढायचा असेल तर नागपूरची गाडी धरायला हवी. तिथं जो पूर्वज भेटतो त्याला थडग्यांचा नाद होता. स्वतःच्या धर्माच्या थडग्यांचा मुळीच नाही.

स्कॉटिश प्रेस्बिटेरियन लोकांना थडग्याचं कौतुक नव्हतंच. मेलेल्यासाठी प्रार्थना करायची नाही, चर्चच्या आत कुणाला पुरायचं नाही, दफनाच्या वेळी थाटमाट नाही. नॉक्सचंच पाहा. एडिंबरात सेंट जाइल्स चर्चच्या मागं त्याला पुरलं, कालांतरानं त्या दफनभूमीवर फरसबंदी झाली आणि अलीकडच्या काळात स्कॉटलंडच्या या धर्मपुरुषाची जागा ओळखायची ती मोटारी लावायच्या २३ नंबरच्या खुणेवरून.

अशा मातीतला हा माणूस, स्टीफन हिस्लॉप. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमुळं विदर्भात हे नाव रिक्षावाल्यालाही माहीत असतं. जन्म ८ सप्टेंबर १८१७, स्कॉटलंडच्या बेरिकशर परगण्यातल्या डन्स गावी. भूगर्भशास्त्राचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात तो जेम्स हटन याच डन्सच्या परिसरात आधीच्या शतकात शेती करत होता. ओढ्यानं वाहून नेलेली माती पाहता पाहता पृथ्वीचं वय किती अफाट असलं पाहिजे, हे त्याच्या मनात पक्कं होत गेलं. एकाच परगण्यातून अशी दोन माणसं निघावीत, याला योगायोग म्हणायचं की तिथल्या मातीचा गुण, तुम्हीच ठरवा.

१८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चला मोठं खिंडार पडलं. गावचा पाळक गावानं निवडायचा की जमीनदारानं नेमायचा, हा वाद. साडेचारशेहून अधिक पाळक पगार, घर, चर्च सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च उभं केलं. हिंदुस्थानातले स्कॉटिश मिशनरीही त्यांच्याबरोबर गेले, मुंबईचे डॉ. जॉन विल्सन त्यातलेच. या नव्या, कफल्लक पण जोशातल्या चर्चनं हिस्लॉपला पाठवलं. फेब्रुवारी १८४५ मध्ये तो कामठीच्या छावणीत पोचला. नागपूर अजून भोसल्यांचं होतं. तिथं त्यानं मराठी शिकून घेतली आणि पुढच्याच वर्षी शहरात शाळा काढली. त्याच्या हातून धर्मांतरं किती झाली, यात मला फारसा रस नाही. संख्या डोळ्यांत भरण्यासारखी नव्हतीच. रस आहे तो त्याच्या खिशात. ते कायम दगडांनी जड असत.

१८५१ च्या सुमारास तो आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर नागपूरच्या आसपास पायी हिंडताना एका थरापाशी थबकले. सीताबर्डीची टेकडी आठवा. वर काळा कातळ. तो आपलाच, राहुरीच्या विहिरी खणताना लागतो तोच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थर थंड झाला, पुन्हा वाहिला, पुन्हा थंड झाला. असा थरांवर थर चढून दख्खनचं पठार झालं. आपली काळी माती ही त्या कातळाचीच झीज, आणि उसाचे फड त्यावरच उभे आहेत. राहुरीकडे हे थर खोलच खोल जातात. नागपूरला मात्र पठाराची किनार येते. भाकरीची कड पातळ असावी तसे थर तिथं पातळ होतात आणि दोन थरांमधलं सारण उघडं पडतं.

त्या सारणात, म्हणजे दोन लाव्हांच्या मधल्या पांढुरक्या गाळात, बोटाच्या पेराएवढे शंख होते. गोड्या पाण्यातल्या गोगलगाईचे. शास्त्रात त्यांना फायसा म्हणतात. माल्कमसन नावाच्या डॉक्टरनं मध्य हिंदुस्थानातले असे थर हिस्लॉपच्या आधीच टिपले होते, पण हिस्लॉप-हंटर जोडीनं त्यांचा नीट पिच्छा पुरवला. असा एखादा शंख हातात घेऊन टोक वर धरा आणि त्याचं तोंड कुठल्या बाजूला उघडतं ते पाहा. बहुतेक शंखांचं तोंड उजवीकडे असतं, याचं डावीकडे. आपल्याकडे लाखमोलाचा म्हणून देव्हाऱ्यात ठेवतात तो दक्षिणावर्ती शंखही असाच उलट्या वळणाचा असतो. शास्त्रज्ञ त्याला डावा म्हणतात, आपण उजवा, कारण आपण तो धरतोच उलटा. नागपूरच्या गाळात असे ‘दक्षिणावर्ती’ चिमुकले शंख ओंजळीनं मिळत होते.

त्या शंखांचा अर्थ लावताना अंगावर काटा येतो. लाव्हा थंडावला होता. खळग्यांत पावसाचं पाणी साठून तळी झाली होती. काठाला झाडं आली, पाण्यात मासे आले, गोगलगाई सुखानं शेवाळ खाऊ लागल्या. एका लाव्ह्यापासून दुसऱ्यापर्यंतचा हा अवकाश पिढ्यान्‌पिढ्यांचा असावा. मग पुन्हा जमीन फाटली.

याच काळातला आणखी एक ठिपका म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळचं पिसदुरा गाव. तिथल्या हाडांची पहिली नोंद करणाऱ्यांत हिस्लॉप होता. ‘डायनोसॉर’ हा शब्दच तेव्हा वीसेक वर्षांचा होता. पिसदुऱ्याच्या शेतांत हाडांबरोबर दगड झालेले शेणाचे गोळेही सापडतात. २००५ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह हे गोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांत गवताच्या पेशींमधले गारेचे कण दिसले. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतंच, असं तोवर सगळे धरून चालले होते. म्हणजे विदर्भाच्या एका शेतातल्या शेणानं जगाची पाठ्यपुस्तकं बदलली. शेणाची इतकी किंमत आपल्या शेतकऱ्यालाच काय ती माहीत होती.

आता त्याहून जुनं. कामठीजवळ सिलेवाड्याला वाळूच्या दगडाच्या खाणी होत्या. तिथल्या पिवळसर-लाल दगडाची फोड काढली की आत पानं दिसत. जिभेच्या आकाराची, मधोमध ठसठशीत शीर, दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक शिरा. ग्लॉसोप्टेरिस हे त्यांचं नाव, ग्रीक भाषेत ‘ग्लॉसा’ म्हणजे जीभ. वय २५ ते ३० कोटी वर्षांच्या घरातलं. हिस्लॉपनं अशी पानं जमवून लंडनला धाडली आणि १८६१ मध्ये बनबरी नावाच्या अभ्यासकानं त्यांचं वर्णन छापलं. सातासमुद्रापलीकडे ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेतही हीच पानं निघत होती. बियांच्या झाडानं समुद्र ओलांडलाच कसा? उत्तर यायला वेळ लागला. झाडानं काही ओलांडलं नव्हतं. ते भूखंडच एकेकाळी एकमेकांना चिकटलेले होते. त्या एकत्र कुटुंबाला नाव मिळालं ते आपल्या गोंडांच्या मुलखावरून, गोंडवन. जगातला कुठलाही भूगर्भशास्त्रज्ञ आज ‘गोंडवाना’ म्हणतो तेव्हा तो नागपूरच्या शेजारच्या जंगलांचं नाव घेत असतो.

याच पानाची दुसरी कथा १९१२ ची आहे. दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती तंबूत गोठून मेले. काही महिन्यांनी शोधपथक पोचलं तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर सुमारे १६ किलो दगड होते. पाय उचलत नसताना त्यांनी ते ओझं टाकलं नव्हतं. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिस होतं, म्हणजे अंटार्क्टिकाही त्याच एकत्र कुटुंबातलं निघालं. आणि ज्या जंगलात ही झाडं पडली, कुजली, दबली त्याचाच कोळसा आज कोराडी आणि चंद्रपूरला जळतो. महाराष्ट्राची वीज एकाच जाळ्यातून फिरते, त्यामुळं राहुरीत रविवारच्या भक्तीला पंखा लागतो तेव्हा त्या जिभेच्या पानांनी साठवलेलं ऊन थोडंफार कामाला येतच असणार.

हिस्लॉपच्या नावानं एका हिरवट कॅल्साइटला ‘हिस्लॉपाइट’ म्हणतात आणि नागपूरच्या तलावातल्या शेवाळवजा दिसणाऱ्या एका सूक्ष्म प्राण्याला ‘हिस्लॉपिया’. मांगलीला सापडलेली एका प्राचीन उभयचराची चपटी कवटी थेट लंडनचा शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन याच्यापर्यंत गेली. तेवढं पुरे. कारण त्याचं मन शेवटच्या वर्षांत दगडांपेक्षा माणसांत जास्त गुंतलं होतं. तो गोंडांच्या पाड्यांवर जाऊन बसे, परधान गायकाकडून गोंडांच्या पुराणातल्या लिंगोची कथा ऐकून उतरवून घेई, शब्दांच्या याद्या करी. एक गोष्ट मात्र खटकते. ज्या देवांची गाणी तो इतक्या काळजीनं लिहून घेत होता, ते देव मोडीत निघावेत म्हणूनच तो इथं आला होता. त्याला स्वतःला यात विसंगती दिसली असेल, असं वाटत नाही. पण कागद राहिले. त्याच्यामागं मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ते १८६६ मध्ये छापले. गोंडी गाण्यांचा तो सगळ्यांत जुन्या लेखी संग्रहांपैकी एक आहे.

४ सप्टेंबर १८६३. पावसाळा सरत आला होता. नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाट गाव आहे, आताच्या बुटीबोरीच्या बाजूला. तिथल्या माळावर दगडांची रिंगणं आहेत. मोठाले धोंडे गोलात मांडलेले, आत दगडगोट्यांचा आणि मातीचा भराव. लोक म्हणत, ही गवळी राजांची. त्या काळच्या इंग्रजांना ती मध्य आशियातल्या शकांची वाटत; जे जे समजेना ते ते बाहेरून आलं, अशी त्यांची सवय. टेंपल आणि हिस्लॉप ही रिंगणं पाहायला, उकरायला गेले होते. दिवसभराचं काम आटोपून मंडळी बोरीच्या मुक्कामाकडे वळली. हिस्लॉप एकटा मागं राहिला. कारण साधं होतं. टाकळघाटला शाळा होती आणि तिची परीक्षा घ्यायची होती.

पोरांचं वाचन ऐकून निघेपर्यंत अंधारून आलं. तो घोड्यावर एकटाच. वाटेतल्या ओढ्याला पावसाचं पाणी फुगून आलं होतं. सकाळी याच वाटेनं तो गेला होता, त्यामुळं उतार माहीत आहे, असंच त्याला वाटलं असणार. मुक्कामावर घोडा आला. पाठीवर कुणी नव्हतं.

शोधायला धावलेल्यांना ओढ्यात देह सापडला. चार दिवसांनी त्याला सेहेचाळीस वर्षं पूर्ण होणार होती. दिवसभर ज्यानं दुसऱ्यांच्या थडग्यांतली माती चाळली, त्याला नागपुरात माती दिली. त्याच्या नावाचं कॉलेज वीस वर्षांनी, १८८३ मध्ये उभं राहिलं.

ती रिंगणं कुणाची, हे कळायला आणखी शंभरेक वर्षं जावी लागली. आणि इथं गोष्ट पुन्हा आमच्या नगर जिल्ह्याकडे वळते. डॉ. शां. भा. देव यांनी १९५० च्या दशकात डॉ. ह. धी. सांकलियांबरोबर नेवाशाला उत्खनन केलं होतं. राहुरीहून नेवासा म्हणजे तासाभराची वाट. तिथं प्रवरेच्या काठी तीनेक हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं निघाली. दोन रुंद तोंडाची मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली, आत मूल. बाहेर स्मशानात नेलंच नाही. ज्या घरात रांगलं त्याच घराच्या सारवलेल्या भुईखाली. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजानं मण्यांच्या आतला दोरा शाबूत ठेवला होता. कापसाचे आणि रेशमाचे धागे. ती माळ ओवणारीचे हात अगदी डोळ्यांसमोर येतात.

हेच देव पुढं नागपूर विद्यापीठात गेले आणि १९६८ च्या सुमारास त्यांनी टाकळघाट आणि शेजारच्या खापा इथं शास्त्रशुद्ध खोदाई केली. टाकळघाटला वस्ती होती, खाप्याला दफनं. शक वगैरे कुणी नव्हते. विदर्भातच राहणारे, लोखंड वापरणारे लोक होते, अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचे. काळी-तांबडी भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, तांब्याच्या वस्तू. त्याच संस्कृतीची नायकुंडला लोखंड वितळवायची भट्टी निघाली, माहुरझरीला इंद्रगोपाचे मणी. रिंगणात माणसाची हाडं थोडकीच मिळतात. देह आधी दुसरीकडे ठेवून मग उरलेल्या अस्थी इथं आणत असावेत. म्हणजे टिळकांच्या अस्थी नगरच्या मातीत ठेवल्या गेल्या, त्याच्याशी जुळणारीच ही रीत.

आणि आणखी एक. विदर्भातल्या या रिंगणांत पुन्हा पुन्हा घोड्यांची हाडं सापडली आहेत. तोंडात लगामाची लोखंडी कडी, कपाळावर आणि गालांवर बांधायचे तांब्याच्या पत्र्याचे दागिने, कडेला फुलांच्या पाकळ्यांसारखी नक्षी. काही हाडांवर घाव आहेत. धनी गेला की त्याचा घोडा सजवून त्याच्याबरोबर पाठवत. त्या लोकांच्या हिशेबात धन्यावाचून एकटा परतणारा घोडा असूच शकत नव्हता. हिस्लॉपला हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी त्यानं माती नुकती कुठं बाजूला सारली होती, आणि मग शाळेची वेळ झाली म्हणून हात झटकून तो उठला.